वही उघडण्याआधीची चाळीस मिनिटं

सकाळचे सव्वानऊ. टेबलावर गणिताची वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली, पाण्याची बाटली. समोर माझा बारा वर्षांचा मुलगा. अपूर्णांकांची पाच गणितं सोडवायची आहेत आणि ती त्याला येतात. आदल्या रात्री जेवताना भाकरीचे तुकडे करून दोन-तृतीयांश मोठा की तीन-चतुर्थांश, हे त्यानेच मला समजावून सांगितलं होतं. तरी दहाला पाच कमी असताना वही मिटलेलीच. तो पेन्सिलीकडे बघतो, खिडकीबाहेर बघतो, पुन्हा पेन्सिलीकडे बघतो. मग माझा आवाज चढतो, तो रडायला लागतो, आणि हुंदक्यांतून एकच वाक्य येतं, "मला सुरूच करता येत नाहीये गं आई."

हे वाक्य मी कितीतरी महिने ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ "मला करायचंच नाहीये" असा लावला. आज हा लेख लिहितेय तो त्या चुकीच्या अर्थामुळे. कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. आपली घरं, शाळा, परीक्षा मंडळं आणि कायदेही तीच चूक करत आले आहेत.

मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची स्थिती, असल्याचं निदान आठव्या वर्षी झालं. चौथीत असताना आम्ही त्याला शाळेतून काढलं. वर्गात बसण्यापेक्षा वर्गाबाहेर उभं राहण्यातच त्याचा जास्त वेळ जात होता आणि "हुशार आहे पण आळशी आहे" हा शेरा त्याला पाठ झाला होता. तेव्हापासून तो नाशिकला घरीच शिकतो. एडीएचडी, स्वमग्नता (ऑटिझम), डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरांपाशी अडणं) अशा, ज्यांचा मेंदू वेगळ्या धाटणीने चालतो त्या मुलांसाठी हल्ली न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द वापरतात. यांतली बरीच मुलं अशीच, शाळेला कंटाळून नव्हे तर शाळेत सोसवेनासं झाल्यावर, घरी येतात.

शिकणं म्हणजे समजणं, अशी आपली समजूत असते. पण समजण्याच्या अलीकडे-पलीकडे मेंदूला बरीच कामं करावी लागतात. काय करायचं ते ठरवणं, ते सुरू करणं, मध्येच आलेला दुसरा विचार बाजूला ठेवणं, सांगितलेल्या गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, किती वेळ गेला याचा अंदाज घेणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं. या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मी घरात त्याला मुकादम म्हणते. मजूर हजर आहेत, विटा-सिमेंट उतरलंय, नकाशाही मंजूर आहे, पण मुकादम आलेला नाही, तर भिंत उभी राहत नाही. "वर जा, दप्तर ठेव, हात धू आणि येताना वही आण," असं मी म्हणाले की माझा मुलगा हातात टॉवेल घेऊन खाली येतो आणि खरोखरच गोंधळलेल्या चेहऱ्याने विचारतो, "तू काय आणायला सांगितलं होतंस?" यात उद्धटपणा नसतो आणि दुर्लक्षही नसतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या आणि तितक्याच इतर मुलांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली होती. मेंदूच्या बाह्यावरणाच्या निम्म्या भागाने आपली कमाल जाडी गाठण्याचं वय इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षं निघालं आणि एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच होता, फक्त ती उशिरा होत होती, आणि हा उशीर सगळ्यात जास्त दिसला तो मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे मुकादमाच्याच खोलीत. हे आकडे वाचले त्या दिवशी मी "बारा वर्षांचा घोडा झालास" हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाकलं.

आता मुद्द्याचं. अशा मुलाला घरी शिकवायचं ठरवलं की आजूबाजूचे समजूतदार लोक म्हणतात, "छान केलंत, आता त्याला मोकळीक मिळेल, आपल्या गतीने शिकेल." मीही हेच म्हणत होते. आज मला हे अर्धसत्य वाटतं, आणि या अर्ध्या सत्यापायी मुलांची वर्षं वाया जातात. कारण मोकळीक वापरायलाच मुकादम लागतो. आज काय करायचं, कधी करायचं आणि किती करायचं हे तुझं तू ठरव, असं आपण ज्या मुलाला सांगतो त्याची नेमकी ठरवण्याचीच यंत्रणा कच्ची असते.

शाळा मुलाला त्रास देत होती हे खरं. पण ती न बोलता एक काम करत होती, आणि ते मला शाळा सोडल्यावरच दिसलं. घंटा व्हायची. तास बदलायचा. शेजारच्याने वही काढली की याचाही हात दप्तराकडे जायचा. बाई फळ्यावर तारीख लिहायच्या, म्हणजे पानावरचा पहिला शब्द कोणता हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असायचं. सर बाकांमधून चालत यायचे, तेवढ्यानेही अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण व्हायची. हे सगळे कठडे होते. घरी आल्यावर टोमणे, गोंगाट आणि शिक्षा गेल्या, त्यांच्याबरोबर कठडेही गेले, आणि मुलाला आम्ही एका उघड्या गच्चीवर उभं केलं.

मुक्त शिक्षणाची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देण्याची, आपली व्यवस्थाही मोकळीक दिली की झालं, याच समजुतीवर उभी आहे. १९८९ साली सुरू झालेलं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे आजची एनआयओएस, ही अशा मुलांच्या पालकांसाठी मोठाच आधार आहे. दहावीसाठी एकदा नाव नोंदवलं की ते पाच वर्षं चालतं, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, विषय थोडे थोडे करून सोडवता येतात, घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना गुण असतात. महाराष्ट्राचंही स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आता आहे. मी या सोयींच्या विरोधात नाही. त्या नसत्या तर माझ्या मुलासमोर भिंतच होती. पण पाच वर्षं आणि नऊ संधी म्हणजे ज्याला "उद्या" आणि "पुढच्या महिन्यात" यांतला फरक अंगाला जाणवत नाही, त्याच्यासाठी एक न संपणारं मैदान. कोणताच दिवस शेवटचा नसतो, म्हणून कोणताच दिवस पहिलाही होत नाही. स्वाध्याय घरी लिहायचा, वेळेवर द्यायचा, त्याआधी पुस्तक वाचून मुद्दे काढायचे, ही सारी मुकादमाचीच कामं आहेत. तारखा पाळण्याची जबाबदारी मुलावर टाकून व्यवस्था मोकळी होते आणि ती जबाबदारी मुकाट्याने आईच्या अंगावर येते.

आमच्या घरात पहिला कठडा उभा केला तो माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांनी यातलं एक अक्षरही वाचलेलं नाही. एका सकाळी आमची रोजची रडारड चालू असताना त्या मेथीची जुडी आणि परात घेऊन टेबलाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "अरे, मला एकटीला कंटाळा येतो. तू तुझं कर, मी माझं करते. बघू कोणाचं आधी होतंय." त्यांनी वहीत डोकावलं नाही, काही विचारलं नाही, नुसती पानं खुडत राहिल्या. दोन-तीन मिनिटांनी वही उघडली गेली. जुडी संपली तेव्हा चार गणितं झाली होती. त्या उठायला लागल्या तर तो म्हणाला, "आजी, अजून एक जुडी आहे का?"

याला परदेशात बॉडी डबलिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. शेजारी कोणीतरी शांतपणे आपलं काम करत असलं की अशा मुलाला, आणि अशा मोठ्या माणसालाही, काम सुरू करणं आणि धरून ठेवणं जमतं. मात्र शेजारच्याने पहारेकरी व्हायचं नाही. मी नुसती बसून त्याच्याकडे बघत राहिले तेव्हा हे कधीच झालं नव्हतं. आजींच्या हातात त्यांचं काम होतं, हाच त्यातला मुख्य भाग.

मग आम्ही एकेक गोष्ट डोक्यातून काढून डोळ्यांसमोर आणत गेलो. फ्रिजवर छोटा पांढरा फळा आला. त्यावर दिवसभराचं नाही, फक्त दुपारच्या जेवणापर्यंतचं लिहायचं, तेही तीनच ओळींत. "गणित कर" असं कधीच लिहायचं नाही, "पान ४२ उघड, तारीख घाल" असं लिहायचं, कारण मूल अडतं ते गणितापाशी नाही, उंबऱ्यापाशी. वाळूचं घड्याळ आलं. काट्यांच्या घड्याळातली वीस मिनिटं त्याला दिसत नाहीत, पडणारी वाळू दिसते. आणि मोठ्याने बोलायची मुभा आली. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच मांडलं होतं की लहान मूल आधी स्वतःशी मोठ्याने बोलून स्वतःला चालवतं आणि पुढे तेच बोलणं आत जातं. माझ्या मुलाचं बोलणं अजून पुरतं आत गेलेलं नाही. "आधी छेद सारखे, मग वरची बेरीज, मग सोपं रूप," असं पुटपुटत तो गणित नीट सोडवतो. वर्गात याच पुटपुटण्यासाठी त्याला उभं केलं जायचं. घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच.

स्वमग्न मुलांच्या घरी कठडा वेगळा असतो. तिथे अडचण बहुतेक वेळा सुरू करण्याइतकीच थांबण्याची आणि वळण्याची असते. पुढे काय येणार हे चित्रांच्या पट्टीवर आधी दिसलं तर मूल शांतपणे वळतं, न सांगता बदल झाला तर दिवस कोसळतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची ताकद अक्षरं सोडवण्यातच खर्च होते, मुकादमाला काही उरतच नाही. त्याला धडा वाचून दाखवला तर तेच मूल चर्चा करायला लागतं. एकाचा नुस्खा दुसऱ्याला लावू नये. औषधांचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा, तो शेजारपाजाऱ्यांवर सोडू नये.

आता प्रेरणेबद्दल, कारण सगळे उपदेश तिथेच येऊन थांबतात. "त्याला आतूनच वाटायला हवं." माझ्या मुलाला आतून वाटतं ते एसटीबद्दल. नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकातून कोणती गाडी किती वाजता सुटते, कोणती विनाथांबा आहे, कोणत्या आगाराची पाटी कशी असते, सगळं तोंडपाठ. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली हे तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. मी हे पाहिलं आणि मला वाटलं, गुरुकिल्ली सापडली. मग एसटीच्या वेळापत्रकावरून वजाबाकी, तिकिटावरून टक्केवारी, मार्गांवरून भूगोल, डेपोवर निबंध. पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी त्याने नकाशा बाजूला सारला आणि म्हणाला, "आता एसटी पण अभ्यासच झाली का?" पुढचा महिनाभर तो एसटीबद्दल एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या जिवाभावाच्या गोष्टीला गळ लावला होता आणि ते त्याला कळलं होतं.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना मुळात चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. म्हणजे जे आपण होऊन आवडतं त्याला बक्षिसाची शेपूट लावू नये. पण यावरून "बक्षीस नकोच" असंही ठरत नाही. जे काम कंटाळवाणं आहे आणि करावं तर लागणारच आहे, त्यासाठी अशा मुलांना छोटं आणि लगेचचं काहीतरी हवं असतं. पाच शुद्धलेखनाच्या ओळी झाल्या की दहा मिनिटं गच्चीवर पतंग. "दहावीला नव्वद टक्के आण, मोबाइल घेऊन देतो" हे आपल्याकडचं लाडकं आश्वासन मात्र या मुलांसाठी अस्तित्वातच नसतं. ते इतक्या लांब असतं की त्याचा प्रकाश आजच्या सकाळपर्यंत पोचत नाही. मग मुलाला वाटतं, एवढं मोठं बक्षीस असूनही मी करत नाही, म्हणजे मी खरंच वाईट आहे. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या आहेत: थोडं आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपलं माणूस जवळ असणं. मेथीच्या परातीपाशी या तिन्ही होत्या.

यावर माझ्या घरातूनच एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. "किती दिवस असं हाताला धरून चालवणार? मोठा झाल्यावर शेजारी कोण बसणार आहे?" आमच्याकडे, दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूला, द्राक्षबागेचा मांडव पाहिलेले लोकच हा प्रश्न विचारतात याचं मला आश्चर्य वाटतं. मांडवाविना वेल जमिनीवर पसरते, फळ सडतं. तिला कोणी आळशी म्हणत नाही आणि तिसऱ्या वर्षी मांडव काढून तिच्या स्वावलंबनाची परीक्षाही कोणी घेत नाही. मुलाचं तर वेलीपेक्षा बरं असतं, त्याला स्वतःचा मांडव बांधायला शिकवता येतं. गेल्या पावसाळ्यापासून फळ्यावरच्या तीन ओळींपैकी एक तो स्वतः लिहितो. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले रसेल बार्कली यांचा मुद्दा इथे लागू पडतो. ही ज्ञानाची नव्हे, कृतीची अडचण आहे; म्हणून मदतही काम जिथे आणि ज्या क्षणी व्हायचं तिथेच पोचायला हवी. संध्याकाळी दिलेलं व्याख्यान सकाळच्या वहीपर्यंत पोचत नाही.

आणि नेमकं इथेच शासनाचं धोरण कमी पडतं. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. ते पाऊल देशात पुढचं होतं, त्याचा मला अभिमान आहे. जास्तीचा वेळ मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका धरल्या जात नाहीत. पण या सवलती मुख्यतः परीक्षेच्या तीन तासांसाठी आहेत. त्या तीन तासांपर्यंत पोचायच्या बाकी वर्षासाठी फारसं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी हे वेगळं नाव नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला, तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक घरी जातात तेही अशाच मुलांकडे. त्यांना ती मदत मिळायलाच हवी आणि आहे त्याहून कितीतरी जास्त मिळायला हवी. पण ज्याचं अपंगत्व "तीव्र" नाही आणि ज्याला वर्गात टिकता आलं नाही, असं मूल शाळा आणि घरभेट या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. ते कोणाच्याच हजेरीपटावर नसतं.

त्या फटीत त्याच्याबरोबर एक बाई असते. मी नोकरी सोडली. मला ती सोडणं परवडलं, नवरा कमावता आहे, सासूबाई खंबीर आहेत. ज्या आईला रोज सकाळी आठला कंपनीच्या गेटवर पोचायचं आहे, तिच्या मुलाशेजारी मेथी निवडायला कोण बसणार? घरी शिकवणं ही श्रीमंतांची हौस आहे असं जे म्हणतात, त्यांना मी सांगेन की मदत पोचवली नाही तर ते खरंच तसं होऊन बसेल.

मदत पोचवणं महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत असं पाहिलं तेव्हा मुलांना दोष दिला नाही. मुलं अंगणात होती म्हणून अंगणवाडी काढली, मुलं गुरं चारायला जात होती म्हणून कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचं, हा विचार आपल्याच मातीतला आहे. तोच आज घरातल्या टेबलापर्यंत आणायचा आहे. विशेष शिक्षकाची घरभेट "तीव्र" या एका शब्दावर अडू नये. मुक्त विद्यालयांच्या अभ्यासकेंद्रांनी वर्षाच्या अखेरीस स्वाध्याय गोळा करण्याऐवजी दर आठवड्याला मुलाशी दहा मिनिटं बोलावं. आणि पालकांना, विशेषतः आईला, हे काम कसं करायचं ते कोणीतरी शिकवावं. मला ते मेथीच्या जुडीने योगायोगाने शिकवलं.

आठवड्याची ती दहा मिनिटं काय करतात हे मी रोज पाहतेय. आमच्या गल्लीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. दीड वर्षापूर्वी ते सहज म्हणाले, "मी दर सोमवारी पाचला त्याला फोन करीन." तेव्हापासून सोमवार चुकलेला नाही. "काय रे, कुठवर आली गाडी?" एवढंच विचारतात. अभ्यास तपासत नाहीत, ओरडत नाहीत. हा वहीतली दोन पानं त्यांना वाचून दाखवतो, पुढच्या सोमवारपर्यंत काय करणार ते स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि ते त्यांच्या डायरीत लिहून घेतात. रविवारी संध्याकाळी न सांगता उघडली जाणारी आमच्या घरातली ही एकमेव वही आहे. यंदा त्याला तेरा पूर्ण होतील, आणि चौदा पूर्ण झाले की तो दहावीसाठी नाव नोंदवेल. त्याला पाच वर्षं मिळतील, नऊ संधी मिळतील आणि अडीचशेच्या वर सोमवार असतील. गुरुजी आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.